मांडी घालता येते काय?

कोराडी कॉलनी, नागपूर
ता. १८ जून १९८३

ती. जाऊबाई यांना मनकर्णाचा वाकून नमस्कार. नुसता लिहिण्यापुरता नाही, आता मला खरोखरच वाकता येतं.

अक्षय तृतीयेपासून तुमचं पत्र नाही. इथून हुडकेश्वर म्हणजे गावाचं हे टोक ते ते टोक, दोन बसगाड्या, आणि बसची पायरी आपल्या दोघींच्याही खुब्याला झेपायची नाही. एका शहरात राहून जावा-जावांनी पत्रं लिहावीत हे हसण्यासारखं आहे, पण इलाज नाही.

दवाखान्यातून छापील कागद आला. तुम्हालाही आला असेल. डॉक्टर म्हणे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सगळ्या पेशंटांची हकीकत गोळा करून मोठ्या सभेत वाचणार आहेत. किती चालता, काठी लागते काय, जिना चढता काय, उकिडवं बसता येतं काय, मांडी घालता येते काय. मी शेवटच्या दोन्हींपुढं ठसठशीत ‘होय’ लिहिलं. परवा शेजारच्या सत्यनारायणाला दोन तास पाटावर बसले होते. कॉलनीतल्या बायका बघत राहिल्या.

आठवतं ना, मी दीड महिना पायाला वजन लटकावून पडले होते तेव्हा तुम्ही शेजारच्या खाटेवर आलात. मोरीत घसरलात, हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी तुम्हाला स्टीलचा नवाकोरा गोळा बसवला. माझा सांधा लहानपणापासून सडलेला, त्यात गोळा टिकायचा नाही म्हणून त्यांनी माझ्या हाडाचं डोकंच काढून टाकलं. मला वाटलं, गोळा थोरलीला आणि पोकळी धाकटीला, आपल्या घरची रीत दवाखान्यातही पोचली. पण देव एका हातानं घेतो तर दुसऱ्या हातानं देतो. कुसुमताई सिस्टर माझ्यासमोरच तुम्हाला म्हणाल्या होत्या, “हे पाहा बाई, गोळावालीनं खाली बसाचं नाही, मांडी घालाची नाही. गोळा निसटून जाईन.” मला तसं काही बंधन नाही.

म्हणून एक मनातलं लिहिते, राग मानू नका. यंदा महालक्ष्म्या आमच्याकडं आणाव्यात का? करणारणीनं पूजेपासून आरतीपर्यंत पाटावरून उठायचं नाही ही सासूबाईंची शिस्त. देवी पाटावर आणि आपण खुर्चीवर, असं त्यांनी कधी चालू दिलं नसतं. तुमची ओढाताण होऊ नये एवढाच हेतू आहे. यांचंही मत असंच आहे.

भासऱ्यांना नमस्कार. तुमच्या अनंताला आणि सूनबाई उत्तराला आशीर्वाद.

आपली,
मनकर्णा

* * *

हुडकेश्वर
ता. २७ जून १९८३

चि. सौ. मनकर्णाला आशीर्वाद.

पत्र मिळालं. वामन भाऊजींचं मतही समजलं. ते मत त्यांना कोणी दिलं हेही समजलं.

मी सव्वीस वर्षं महालक्ष्म्या केल्या आहेत. पहिल्या वर्षी मी त्या उभ्या करत होते आणि सासूबाई मागून म्हणाल्या होत्या, “घाबरू नको वं, त्याईले माहीत आहे थोरली कोन हाय तं.” सोळा भाज्या, आंबिल, पुरण, सगळं या हातांनी केलंय. तू तेव्हा नथ सांभाळत पाहुण्यांत बसायचीस. आणि कोराडीला तुमच्या अंगणात वाळत घातलेलं पांढरं धोतर वीजकेंद्राच्या राखेनं संध्याकाळपर्यंत राखाडी होतं हे तूच सांगितलंस. पुरणावर राख पडलेली महालक्ष्म्यांना चालेल की नाही ते विचारून घे.

कुसुमताई सगळ्यांना तेच सांगते. तिचं कामच ते आहे. पहिले तीन महिने जपायचं, मग काय. मी मांडी घालते. दवाखान्याच्या कागदावरही तसंच लिहिलंय, ‘होय’. तुझ्या ‘होय’पेक्षा माझं अक्षर बरं आहे एवढाच फरक.

चालण्याचं म्हणशील तर मी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते, हातात काही न धरता. परवा शेजारच्या जयवंताबाईंनी विचारलं, “बाई, पाय कोनता मोडला होता वं तुमचा? समजूनच नाही राहिलं.” मी म्हटलं, मलाही आठवावं लागतं.

तुझं कसं आहे? सत्यनारायणाचं कौतुक लिहिलंस, काठीचं काही दिसलं नाही पत्रात. सुटली का?

तुझी,
गोपिका

* * *

कोराडी कॉलनी
ता. १४ जुलै १९८३

ती. जाऊबाई यांना नमस्कार.

काठी सुटली नाही. सुटणारही नाही. पाय दोन इंच आखूड झालाय, चांभाराकडून चपलेला लाकडी तळ ठोकून घेतलाय. चालते तेव्हा ठक ठक आवाज येतो आणि शेजारची पोरं दार उघडायच्या आधीच सांगतात कोण आलं ते. विचारलंत म्हणून लिहिलं. तुम्ही विचारणारच होतात.

एक गोष्ट सांगते. वॉर्डात पंधराव्या दिवशी तुम्हाला उभं केलं, आणि तुम्ही कुसुमताईंचा हात सोडून खिडकीपर्यंत गेलात. सगळ्या खाटांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतं. त्याआधी महिनाभर आपली माणसं भेटायला यायची ती माझ्या खाटेशी बसायची. तुम्ही आल्यावर तोच डबा, तीच माणसं, पण खुर्ची सरकली. यांनीसुद्धा एकदा माझी मोसंबी सोलून तुम्हाला दिली. मी ती मोजली होती. आता हसा.

असो. तुम्ही मांडी घालता हे वाचून फार आनंद झाला. मग बोलायलाच नको. महालक्ष्म्या तुमच्याकडंच होऊ द्या. आम्ही दोघं रिक्षा करून येऊ. तुम्ही पाटावर बसा, रीतीप्रमाणं आरतीपर्यंत बसा. मी समोर बसून डोळे भरून पाहीन. कागदावर लिहिलेलं सगळेच वाचतात, डोळ्यांनी पाहायचं भाग्य एखादीला.

आपली,
मनकर्णा

* * *

हुडकेश्वर
ता. २० ऑगस्ट १९८३

चि. सौ. मनकर्णाला आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर झाला. कामं निघाली होती.

तुम्ही दोघं आदल्या दिवशीच या. मुखवटे उतरवून घासून ठेवले आहेत. डाळ, गूळ, कणीक सगळं भरलंय. उत्तरा पुरण घालेल, भाज्या चिरायला जयवंताबाई येणार. तू फक्त ये. तुला काठी धरून स्वयंपाकघरात वळता यायचं नाही, त्यामुळं काही करायचं मनात आणू नकोस. तुझ्यासाठी खुर्ची काढून ठेवते, हातांची, म्हणजे उठाबसायला सोपी.

इकडं एक गंमत चालली आहे. मी माजघरात पाट टाकून बसले की उत्तरा दारात येऊन उभी राहते. म्हणते, “आई, काहून बसून राहिल्या खाली? डॉक्टर नाही म्हणले ना?” आजकालच्या मुली भित्र्या. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना सासू होती का माझ्या सासूबाईंसारखी? हे, म्हणजे तुझे भासरे, विचारत होते की खाट भिंतीजवळून काहून सरकवली. म्हटलं, झाडायला. ते पुन्हा पेपरात शिरले.

तू मोसंबी मोजलीस हे वाचून मला हसू आलं नाही. मी त्या खाटेवर पडून काय मोजत होते ते कधी सांगेन, आत्ता नाही. एवढं सांगते की वामन भाऊजी रोज ड्यूटी संपवून यायचे. कोराडीहून, दोन बस बदलून. यांना घरून वीस मिनिटं लागायची, आणि ते रविवारी यायचे.

डोळे भरून पाहायचं म्हणालीस ना, पाहा.

तुझी,
गोपिका

* * *

कोराडी कॉलनी
ता. २२ सप्टेंबर १९८३

ती. जाऊबाई यांना नमस्कार.

तुम्हाला दवाखान्यात नेलं त्याला आठवडा झाला. अनंताकडून निरोप आला की गोळा भूल देऊन पुन्हा जागेवर बसवला आहे आणि तुम्ही बऱ्या आहात. तुमच्या हातची एक ओळ आली तर मन थाऱ्यावर येईल.

माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. आरती झाली, तुम्ही ताम्हन बाजूला ठेवलंत, एक हात जमिनीवर टेकून उठायला गेलात, आणि तो आवाज आला. मला आधी वाटलं, नारळ फुटला. मग तुमचा पाय आत वळलेला दिसला. तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत. उत्तराच किंचाळली.

पाट जरा हलला असावा. फरशी ओली होती. यांचंही म्हणणं तसंच पडलं. होणारं चुकत नाही. तब्येतीला जपा. मी रोज तुमच्या नावानं दिवा लावते.

तुमच्या पत्राची वाट पाहते.

आपली,
मनकर्णा

* * *

नागपूर
ता. २० नोव्हेंबर १९८३

ती. मनकर्णाकाकू यांना उत्तराचा नमस्कार.

आईंनी कोराडीला पत्र लिहायचं नाही असं बजावलं आहे. पण तुमची तीन पत्रं येऊन पडली, त्यामुळं मीच लिहिते.

गोळा बसवला तो बाराव्या दिवशी पुन्हा निसटला. नुसतं कूस बदलताना. मग उघडून बसवला, तर जखमेत पू झाला. महिनाभर औषधं, ताप, पट्ट्या. शेवटी गेल्या सोमवारी डॉक्टरांनी गोळा काढून टाकला. आता काही बसवणार नाहीत. तुमचं केलं तेच आईंचं केलंय, काकू. पायाला तसंच वजन लटकावलं आहे. पाय आखूड होणार, काठी लागणार, हे त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती आखूड?”

डॉक्टरांनी जूनचा कागद काढला होता. ते म्हणाले, “बाई, तुम्ही तर कधीपासून मांडी घालत होता. मग आताच गोळा कसा निसटला?” सभेत त्यांनी सांगितलंसुद्धा होतं म्हणे, की गोळा बसवलेली आमची एक पेशंट मांडी घालून बसते. मग मीच सांगितलं की आई जूनमध्ये कधीच बसल्या नव्हत्या. कागद भरला तेव्हा त्यांना पायमोजा घालायलाही मी लागायची. ऑगस्टमध्ये खाट सरकवून, भिंतीला धरून त्यांनी सराव सुरू केला. डॉक्टरांनी पेन काढून ‘होय’वर काट मारली आणि पुढच्या खाटेकडं गेले.

काकू, त्यांच्या उशीखाली तुमचं जुलैचं पत्र आहे. चादर बदलतानाही ते हातात धरतात. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत असेल.

आपली,
उत्तरा

* * *

कोराडी कॉलनी
ता. ४ डिसेंबर १९८३

ती. जाऊबाई,

पाट हलला नव्हता. फरशीही कोरडी होती. सप्टेंबरच्या पत्रात मी ते खोटं लिहिलं.

तुम्ही मांडी घालत नाही हे मला जूनमध्येच कळलं होतं. कुसुमताईंनी गोळ्याचं सांगितलं तेव्हा मी जागी होते, शब्द न् शब्द ऐकला होता. तुम्ही ‘होय’ लिहिलंत हे वाचून मला वाटलं, सापडल्या. जुलैचं पत्र मी त्यासाठीच लिहिलं. तुम्ही पाटापर्यंत जाल, ऐनवेळी खुर्ची मागाल, सगळ्यांसमोर मान खाली जाईल, आणि मग मुखवटे आपोआप कोराडीला येतील. एवढंच मनात होतं. तुम्ही खरंच बसाल असं वाटलं नव्हतं. बसलात तेव्हा एका शब्दानं थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. तुमच्या पायाचं वाटोळं मी केलं. तुम्हाला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण पत्र लिहा.

आणखी एक लपवलंय, तेही सांगून टाकते. मला बसता येतं हे खरं. पण उठता येत नाही. कागदावर उठण्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मीही लिहिलं नाही. सत्यनारायणाला दोन तास बसले ते हौसेनं नाही, यांची ड्यूटी संपायची होती म्हणून. तुमच्याकडं पूजेच्या दिवशी मी खुर्ची सोडली नाही ती याचसाठी. खाली बसले असते तर तुमच्यासमोर यांना मला उचलावं लागलं असतं.

रोज असंच चालतं. जेवणं झाली की हे हात धुऊन येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, “चाल वं, उठ.” दोन्ही काखांत हात घालतात, मी त्यांच्या गळ्याला धरते, मग उभी होते. पन्नाशीला टेकलेली बाई, लेकरासारखी लटकते नवऱ्याला. कधी कधी यांची कंबर धरते, तरी कुरकुर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्या बसण्याचा मी तुमच्यापुढं तोरा मिरवला ते हे असं आहे. त्याच्यापायी तुम्ही पाय घालवलात.

मुखवटे तुमच्याकडंच राहू द्या. मी पुन्हा नाव काढणार नाही.

आपली अपराधी,
मनकर्णा

* * *

हुडकेश्वर
ता. ११ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. मनकर्णाला आशीर्वाद.

मुखवटे इथंच राहणार होते. ते तू सांगायची गरज नव्हती.

मागच्या आठवड्यात घरी आले. दीड इंच आखूड झालाय. तुझा दोन आहे असं तूच लिहिलं होतंस. अर्धा इंच का होईना, थोरली मी आहे.

माझा पाय तू घालवलास असं लिहिलंस. तेवढं श्रेय घेऊ नकोस. तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. मोरीत मी पाय घसरून पडले, पण पाटावर मी डोळे उघडे ठेवून बसले. खाली जाताना खुब्यात कळ आली ती डोळ्यांपर्यंत गेली. तरी मांडी घातली, पदर सावरला आणि तुझ्याकडं पाहिलं. तू खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसली होतीस आणि तुझा चेहरा पार उतरला होता. त्या तासाभरात मी महालक्ष्म्यांकडं किती वेळा पाहिलं आणि तुझ्याकडं किती वेळा, ते मलाच ठाऊक. त्यांना काय वाटलं असेल ते असो. मला फार बरं वाटलं होतं. एवढं बरं मला त्या खिडकीपर्यंत चालत गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

जुलैचं पत्र उशीखाली ठेवलं होतं ते रागानं नाही. त्यात तू लिहिलं होतंस की मी चालले तेव्हा तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. वजन लटकावून पडल्यावर माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ते वाचत होते.

आता मला खाली बसता येतं. खरंखुरं, कळ न येता. ज्याच्यासाठी एवढं केलं ते मिळालं. आणि तू म्हणतेस तसंच, उठता येत नाही. उत्तरा येते, कमरेत हात घालते, तिचा जीव केवढा. परवा ती विहिरीवर होती. हे समोर खुर्चीवर पेपर वाचत होते. मी नुसते दोन्ही हात पुढं केले. त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. मग दाराकडं तोंड करून हाक मारली, “उत्तरा, पाह वं, आईले काय पाहिजेन तं.” आणि पान उलटलं. मी हात खाली घेतले आणि ती येईपर्यंत पाटावर बसून राहिले.

तुझं डिसेंबरचं पत्र मी त्याच्यानंतर पुन्हा काढून वाचलं. तू लाजेनं लिहिलंस, स्वतःला कमी करायला लिहिलंस, हे मला कळतं. पण मनकर्णा, तू कबुली द्यायला गेलीस आणि मला पुन्हा जाळलंस. तू माझ्या चालण्यावर जळलीस, मी तुझ्या बसण्यावर. त्याचं आता फिटलं, दोघी सारख्याच लंगड्या. पण “चाल वं, उठ” म्हणणारं माणूस मला कोणत्या ऑपरेशननं मिळणार आहे? खाटेवर पडून मी हेच मोजायची. भाऊजी किती वेळा आले, आणि येताना जिना चढल्यामुळं किती धापा टाकत आले. मोसंबी सोलून दिली तेव्हा मी ती खाल्ली नव्हती. पदराखाली धरून ठेवली होती. सुटी मिळून घरी चाललेल्या एका बाईला शेवटी देऊन टाकली.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

कुसुमताई म्हणत होती की खाटेचा पाय धरून, चांगला गुडघा आधी टेकवून एकटीला उठता येतं, सवयीनं जमतं. मला जमवायचंय. उत्तराला दिवस गेलेत, तिला आता वाकवणं बरं नाही. आणि पुन्हा कोणापुढं हात करायचे नाहीत. तुला उचलणारं माणूस आहे, तुला शिकायची गरज नाही, तरी ये. पडले तर हसायला कोणीतरी आपलं हवं. अनंत रविवारी रिक्षा घेऊन येईल. चार दिवसांची लुगडी घे.

भाऊजींना आणू नकोस.

तुझी,
गोपिका